मूठ नव्हे, विहीर

टिपर मागे मागे येत विहिरीच्या काठाशी पोचला, तेव्हा सिस्टर तिथे आधीच खुर्ची टाकून बसली होती. तीस वर्षं नर्सची नोकरी केल्यामुळे सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणे. सख्खा भाऊ मात्र ताई म्हणायचा, तेही काम असलं की. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं.

वडिलांमागे ही जागा दोघांच्या नावावर झाली होती. कोपऱ्यातली विहीर कित्येक वर्षं कुणी वापरली नव्हती. भावाला आता जागेसाठी गिऱ्हाईक मिळालं होतं आणि त्या गिऱ्हाइकाला विहिरीचा सुगावा लागण्याआधी ती बुजवून टाकायची होती.

"ताई, ऊठ. गाडी खोळंबलीय."

"गाडीत काय आहे?"

"राडारोडा. एक जुना कारखाना पाडलाय, तिथला."

सिस्टर उठली, फाळक्याच्या फटीतून डोकावली. विटांच्या तुकड्यांत रंगाचे डबे आणि फुटक्या बॅटऱ्या होत्या. ती परत येऊन खुर्चीत बसली.

"खालच्या गल्लीतले हातपंप याच झऱ्यावर आहेत. असल्या पाण्याने आजारी पडलेली माणसं मी वॉर्डात पाहिलीत. तू फक्त त्यांचे चष्मे पाहिलेस."

"जमिनीखाली कोण बघायला जातंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ नाही, विहीर आहे ती. आणि निम्मी माझी आहे."

"बरं, तुझ्या निम्म्यात नाही टाकत. झालं?"

"पाण्याची वाटणी करून दाखव, लगेच उठते."

ड्रायव्हरला हसू फुटलं. भाऊ त्याच्यावरच खेकसला, "खुर्ची बाजूला कर रे!"

"साहेब, माझ्या बायकोचं बाळंतपण सिस्टरनी केलंय. मी नाही हात लावणार." त्याने टिपर वळवला आणि भरलेलाच परत नेला.

सिस्टरने खुर्चीत बसूनच गिऱ्हाइकाला फोन लावला आणि विहीर आहे, किती खोल आहे, सगळं सांगितलं. विहीर रीतसर बंद होईपर्यंत आपण थांबतो, असं त्याने कळवलं. भावाने बोलणं टाकलं.

तिने विहिरीच्या कामातला एक जुना कारागीर गाठला. त्याने गाळ उपसला, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली, तळाशी धुतलेली खडी भरली, तिच्यावर थराथराने चिकणमाती ठोकली आणि शेवटी काँक्रीटचं जाड झाकण ओतलं. नऊ दिवस सिस्टर रोज येऊन उभी राहिली. एकदा भाऊ रस्त्यावरून गेला. त्याने मान वळवली नाही.

विहीर बंद केल्याची नोंद व्हावी म्हणून कचेरीत द्यायच्या फॉर्मवर दोन्ही मालकांच्या सह्या लागत होत्या. भर दुपारी ती दुकानात शिरली. भाऊ एका बाईच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होता. सिस्टरने कागद काउंटरवर ठेवला.

"नाही केली सही तर?"

"तर 'भावाने नकार दिला' असं लिहून आजच देते. मग जागा विकायला तूच कचेरीत खेटे घाल."

फ्रेमवाली बाई श्वास रोखून दोघांकडे बघत राहिली. भावाने पेन उचललं, कागद फाटेल इतका दाबून सही केली.

"मला पटलंय असं समजू नकोस."

"नको पटू दे," सिस्टर म्हणाली. "खाली तारीख टाक."