अकरा आठवड्यांची सोयर

अमांद झाला त्याला अकरा आठवडे होत आले आणि मी अजून उंबऱ्याच्या आतच होते. बाळंतिणीला पाद्रीबाबांनी देवळात घेतल्याशिवाय तिनं कुणाच्या दारात जायचं नाही, पंपावर पाणी भरायचं नाही, हे आमच्या ओस्टरडोंकमधलं शेंबडं पोरही सांगेल. बाळाला त्यांनी दुसऱ्याच दिवशी बाप्तिस्मा दिला. पोराचा काय दोष, म्हणाले. मला मात्र घेईनात. माझा नवरा देसिदेर सरकारी शाळेचा मास्तर, आणि नव्या कायद्यानं त्या शाळेतल्या तासांतून धर्म काढून टाकला होता. देसिदेरनं शाळा सोडावी, त्याच रविवारी त्याच्या बायकोला देवळात घेतो, असा निरोप होता.

शाळेत सातच पोरं उरली होती. बाकीची पाद्रीबाबांनी गोठ्यात उघडलेल्या शाळेत गेली. त्या सातांपायी देसिदेर अडून बसला होता, आणि पाणी माझ्या सासूबाई वाहत होत्या. एकसष्टाव्या वर्षी दोन बादल्या घेऊन. त्या बादल्या आदळायच्या आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "माझ्या गुडघ्यांना नवा कायदा कळत नाही गं."

मी अमांदला छातीशी धरायचे. त्याच्या टाळूचा वास घेतला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. बाहेर नदीत धाग्यासाठी जवसाच्या काड्या कुजत घातल्या होत्या, त्यांचा दर्प घरभर. बाकी जग मला त्या वासावरूनच कळायचं.

शेवटी देसिदेरनं राजीनामा लिहिला. चार ओळी. लिहून खणात ठेवला आणि तीन दिवस खणाकडे बघत बसला. ही बातमी गेंट शहरापर्यंत कशी गेली देव जाणे, पण चौथ्या दिवशी दुपारी व्हेरस्टोकन साहेब स्वतः दारात उभे राहिले.

हे साहेब आमचे खासदार. कायदा आणणाऱ्यांतले एक. आमची शाळाही त्यांनीच उभी केलेली. ब्रसेल्सला सभागृहात ते उठून आमच्या फ्लेमिशमध्ये बोलायचे तेव्हा त्यांच्याच पक्षातले फ्रेंच बोलणारे बडे लोक हसायचे म्हणे, आणि इकडे आमचे पाद्रीबाबा त्यांना सैतानाचा मुनीम म्हणायचे. मला वाटलं होतं, कुणी धिप्पाड माणूस असेल. आले ते चिखलानं भरलेले बूट घेऊन, वाकलेले, डोळ्यांखाली पिशव्या. खुर्चीत टेकले. सासूबाईंनी चिकोरीची कॉफी ठेवली ती दोन्ही हातांनी धरून बसले.

मग देसिदेरला समजावू लागले. एक शाळा पडली की शेजारच्या चार पडतात, आपली पोरं आपल्या भाषेत शहाणी व्हायला हवीत, वगैरे. पाठ केल्यासारखं बोलत होते. निम्म्यात त्यांचा त्यांनाच कंटाळा आला असावा. थांबले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तेव्हा मी विचारलं. पंधरा वर्षांची असताना, गेंटहून येणाऱ्या पुस्तकांच्या पेटीतून मी साहेबांनीच लिहिलेलं एक गोष्टीचं पुस्तक वाचलं होतं. त्यात एक बाळंतीण मेणबत्ती घेऊन देवळाच्या दाराशी उभी राहते, पाद्री येतो, गळ्यातल्या पट्ट्याचं टोक तिच्या हातात देतो आणि तिला आत नेतो. 'आणि दार तिला ओळखल्यासारखं उघडलं,' असं त्यांनी लिहिलं होतं. ते पान वाचून मी रडले होते. म्हटलं, "साहेब, ते तुम्ही बघून लिहिलंत का?"

त्यांना पान आठवायलाच वेळ लागला. मग चष्मा काढला.

"माझी आई ती," ते म्हणाले. "मी चार वर्षांचा होतो. तिच्या झग्याला धरून दारापर्यंत गेलो, आणि दार लागलं. आतलं मी काहीच पाहिलं नाही, पोरी. आतलं सगळं मनानं लिहिलं."

अमांद कुरकुरला, मी त्याला खांद्यावर घेतलं. साहेब त्याच्याकडे बघत राहिले.

"तुला काय हवंय?" त्यांनी विचारलं. "त्याला नाही, तुला विचारतोय."

अकरा आठवड्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. देसिदेरनंसुद्धा नाही. मोठं काहीतरी सांगावं असं वाटलं, पण सुचलं नाही.

"पंपावर जायचंय," मी म्हणाले.

साहेबांनी हात पुढे केला. देसिदेरनं खण उघडून कागद दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "तारीख कालची टाक. म्हणजे मी आलो तेव्हा तू मास्तर नव्हतासच, आणि मला हे भाषण करावंच लागलं नाही." देसिदेरनं तारीख बदलली. कागदाची घडी साहेबांनी आतल्या खिशात घातली. जाताना त्यांची पाठ येतानापेक्षा जास्त वाकलेली वाटली की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही.

रविवारी मी मेणबत्ती घेऊन उभी राहिले. दार फुगलं होतं, देवळाच्या शिपायानं खांदा लावला तेव्हा कर्कश वाजून उघडलं. पाद्रीबाबांनी पट्ट्याचं टोक दिलं, लॅटिनमध्ये भराभर काही पुटपुटले आणि दोन-तीन मिनिटांत आटोपलं. पुस्तकातलं यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. साहेबांना हे कळवावं असं मनात आलं. पण शाळाच नाही तर ते परत कशाला येणार?

बाहेर पडले. शाळेच्या बंद खिडकीतून सात पाट्या भिंतीशी उभ्या केलेल्या दिसत होत्या. देसिदेर मान खाली घालून पुढे निघून गेला. तो सोमवारपासून मामाकडे जवसाच्या कामाला जाणार होता.

मी घरी आले, अमांदला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि दोन्ही बादल्या उचलल्या.