कुदळ, पेरू आणि गुलाबी फुलांची वेल

मित्रांनो, त्या रविवारी कोंडीरामांनी मला हातात घेतलं, तेव्हा ती शेवटची वेळ आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एक जुनी कुदळ आहे. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून चाकणच्या लोहाराने मला घडवलं. कोंडीरामांची लेक मिनल पहिलीत गेली, तेव्हा दापोडीतल्या घरामागे मी पहिला खड्डा खणला. त्यात त्यांनी पेरू लावला.

त्या पेरूवर आता एक वेल चढली होती. आकुर्डीच्या मैत्रिणीकडून मिनलनेच ती गुळवेल म्हणून आणली होती.

"मिने, ही गुळवेल न्हाई. मुळातनं काढू दे."

"बाबा, पानं बघा की, बदामाच्या आकाराची. लोक काढ्यासाठी शोधत फिरतात, आणि तुम्ही उपटताय?"

"बरं बाई. तू शिकलेली," कोंडीराम हसले आणि त्यांनी मला भिंतीला टेकवलं.

सोमवारी कंपनीच्या बसची वाट बघताना त्यांच्या छातीत कळ आली. ते परत आले नाहीत.

वर्षभर मी गंजत पडले. पेरू वेलीखाली दिसेनासा झाला. मिनलने तीनदा कोयता चालवला, पण वेल दर वेळी दुप्पट फुटली. मग तिला गुलाबी फुलं आली; गुळवेलीची पिवळसर असतात. मिनलने शेजारच्या शालनबाईंकडून खऱ्या गुळवेलीचा तुकडा आणला. त्याची साल पापुद्र्यांची, अंगावर बारीक पुटकुळ्या. पेरूवरच्या वेलीला तर फुलांच्या टोकाला आधार पकडणारे कुरळे तणावे होते, गुळवेलीला ते नसतात.  मग मिनलने मला उचललं.

जमिनीखाली कंदांचे घोस होते. एक राहिला तरी वेल पुन्हा फुटते, म्हणून तिने बोटाएवढेसुद्धा वेचले.

"बटाटे लावलेले होय गं?" शालनबाईंनी विचारलं.

"व्हय मावशी, भाजीला देऊ?" कितीतरी दिवसांनी मिनल हसली.

नदीकाठी फेकले तर तिथेही रुजतील, म्हणून तिने कंद पत्र्यावर वाळवले. पुढे दर रविवारी नवा कोंब दिसला की आम्ही दोघी खणायचो. दिवाळी सरली आणि कोंब यायचे थांबले. पेरूला पालवी फुटली, तेव्हा मलाही हायसं वाटलं.

मित्रांनो, वेल लावण्याआधी ती नीट ओळखा, आणि काढायची झाली तर मुळापर्यंत जा. आणि जुन्या अवजाराला अधूनमधून तेलाचा हात फिरवा. मिनल आता तसंच करते. काल मला पुसून भिंतीला टेकवताना ती पेरूकडे बघत मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."