मध्यंतराची रांग

मार्ल्सबीत मंगळवारी बाजार भरतो. बाजार उठला की भाजीच्या पिशव्यांसकट निम्मं गाव दुपारचा सिनेमा बघायला रिजंटमध्ये शिरतं. थिएटर गावकऱ्यांनीच चालवलेलं. तिकिटं फाडणारे, खुर्च्या झाडणारे, सगळे बिनपगारी. हेवा वाटावा असं गाव. खोड एकच, मनातलं बोलून दाखवायचं म्हटलं की यांच्या अगदी जिवावर येतं.

मॅव्हिस थ्रेलफॉल त्यातलीच. मध्यंतरात पडद्याखालच्या छोट्या दिव्याशी उभं राहायचं आणि गळ्यातल्या ट्रेमधून आइस्क्रीमचे कप विकायचे, हे तिचं काम. नवरा गेल्यापासून घरात दिवसचे दिवस कुणाशी बोलणं होत नसे. मंगळवारी मात्र अख्खं गाव तिच्यापुढं येऊन दोन शब्द बोलून जाई. त्या ट्रेवरच बाई तगून होती.

नवा मॅनेजर डंकन हुशार आणि कष्टाळू. आल्या आल्या त्यानं गळकं छप्पर नीट करून घेतलं. मग गावकऱ्यांच्या सभेत म्हणाला, रंगलेला सिनेमा मध्येच तोडणं बरं नव्हे, मध्यंतर बंद करू या, कुणाची हरकत? सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत बसले. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना हेच हवं असेल, आपण कशाला मोडता घाला. शेवटी डंकननं मॅव्हिसलाच विचारलं.

"माझ्यासाठी अडवून ठेवू नका," ती हसून म्हणाली, आणि घरी जाऊन ढसाढसा रडली.

पुढच्या मंगळवारी ती तिकीट काढून मागं बसली. रिकामे हात कुठं ठेवावेत कळेना. सिनेमा मध्यावर आला आणि चीज विकणारा लेन सवयीनं उठला. अंधारात लोकांच्या गुडघ्यांची माफी मागत तो दिव्याच्या जागी जाऊन थांबला. लेन उठलेला बघून औषधाच्या दुकानातली बाई उठली, तिच्यामागे पाद्री. बघता बघता रांग दारापर्यंत गेली. पडद्यावर नायिका जीव तोडून रडत होती आणि ही मंडळी पडद्याखालच्या भिंतीकडं तोंड करून शहाण्यासारखी उभी.

डंकन टॉर्च घेऊन धावत आला. शेवटच्या माणसाला विचारलं, रांग कशाची? तो म्हणाला, पुढच्यांना ठाऊक असेल. असं विचारत विचारत डंकन लेनपर्यंत पोचला. लेनच्या पुढं तर कुणीच नव्हतं.

"मॅव्हिसची वाट बघतोय," लेन खाली बघत म्हणाला. "सावकाश येऊ दे. आम्हाला घाई नाही."

एवढं बोलायला त्याला किती धीर गोळा करावा लागला असेल, ते मॅव्हिसला कळलं. सभेत जे कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं, ते सगळे उभ्यानं सांगत होते.

डंकननं सिनेमा थांबवला, दिवे लावले आणि कपाटातला ट्रे भरून स्वतः तिच्या हातात आणून दिला. तिनं पट्टा गळ्यात घातला, केस सारखे केले आणि दिव्याशी जाऊन उभी राहिली. डंकन तिथंच घुटमळला.

"मला एक व्हॅनिला द्या," तो ओशाळून म्हणाला.

"देते की," मॅव्हिस म्हणाली. "पण रांगेनं या, डंकन."

आणि तो निमूटपणे दाराकडं चालू लागला.