मोरीकाठचं कणीस

कणसाच्या एका बाजूचे दाणे चिमण्यांनी टिपलेले — ती बोडकी बाजू खाली दडेल अशा बेतानं लिडियानं सकाळी ते वेदीपुढच्या टेबलावर ठेवलं होतं, पण कुणीतरी सफरचंदांची टोपली सरकवली आणि कणीस उलटलं... आता साऱ्या चर्चला दिसत असेल. हंगामाच्या सणाला नगरची माणसं बाजारातून फळं आणतात, बिस्किटांचे पुडे आणतात, पाळकसाहेब एकेक वस्तू उचलून "हे कुणाचं?" विचारतात, देणारा उभा राहतो, मग लिलाव. त्यांच्या गावी, पुणतांब्याला, असं विचारावं लागत नसे. कुणाच्या रानातलं काय, ते बघूनच कळायचं.

वडिलांना नगरच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि गावाकडचं ते रान सुटलं. "इथं दारात कुणी ज्वारी लावतं का, आई?" — पावसानं दडी मारली त्या जूनमध्ये ती म्हणाली, तेव्हा मोरीकडेची माती उकरता उकरता आई फणकारली होती, "पोटात जाती तवा चालती, दारात उगवली की लाज वाटती व्हय गं?"

वाटतच होती. म्हणून तर भांड्यांचं, आंघोळीचं पाणी ती दिवेलागण झाल्यावर घालायची, शेजारच्या एस्तरला दिसू नये म्हणून. एस्तरला तिनं सांगून ठेवलं होतं, आम्ही मूळचे नगरचेच... आणि तरीही पानांत मिटलेल्या पोटरीतून कणीस बाहेर पडलं त्या सकाळी ती बघतच राहिली होती, शाळेची घंटा होऊन गेली तरी.

"अगं, ते बघ," एस्तर कानाशी कुजबुजली, "चिमण्यांचं उष्टं देवाला!"

लिडिया हसली. आणि ते हसू दुसऱ्याच्या चपलेसारखं तिला चावलं.

पाळकसाहेबांनी कणीस उचललं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या योहानबाबांनी हात लांबवून एक दाणा काढला, दाताखाली धरला. "भरलाय की! औंदा आमच्या कर्जताकडं शिवारंच्या शिवारं करपली... आन् हे कुनी पिकवलं?"

बायकांच्या बाजूला आईनं नुसती तिच्याकडे मान वळवली. उठली नाही. "पानी तू घातलंस, उभी तूच ऱ्हा," असं तिनं निघतानाच बजावलं होतं.

"कुणाचं हे?" पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. बाकाबाकांतून माना वळू लागल्या, कोण असेल म्हणून शोधू लागल्या — आणि लिडियाला एकाएकी भीती वाटली... एस्तरची नव्हे, त्या बोडक्या बाजूचीही नव्हे — कुणी भलतंच उठून "माझं" म्हणालं तर?