सैल विणीचा फ्रॉक

"मला चांगला जाड दोरा हवाय. ऐंशी नंबरचा द्या," दुकानात पुढे उभी असलेली मुलगी म्हणाली, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईंना बोलल्यावाचून राहवेना.

"अगं, ऐंशीनं रुमालाची नाजूक लेस करतात! नंबर वाढला की दोरा बारीक होत जातो. नवीनच शिकतेयस ना? मग दहा घे. निदान टाके दिसतील तरी."

"उलटंच की हो सगळं!" मुलगी ओशाळून हसली.

"यांच्याकडेच शीक मग," दोरेवाला म्हणाला. "अर्ध्या गावाच्या हातात क्रोशाची सुई यांनीच दिलीय."

मुलगी दहा नंबरचा गुंडा घेऊन गेली, आणि दोरेवाल्याच्या आवाजातली थट्टा मावळली. लेक गेल्यापासून बाई आज पहिल्यांदाच दुकानात आल्या होत्या. तो उगाचच काउंटर पुसत राहिला. शेवटी बाईंनीच पिशवीतून फ्रॉक काढून त्याच्यासमोर पसरला.

फ्रॉक कसला, अर्धा फ्रॉक. गळ्यापासून सुरू करून गोल गोल फेरे घालत खाली आणलेला, आणि कमरेच्या जरा खाली येऊन थांबलेला. फिकट पिवळा, वीस नंबरचा दोरा. लेकीने तो आपल्या मुलीसाठी विणायला घेतला होता. आजारपणात उशीला टेकून विणायची. पुढे सुई धरायचे त्राण राहिले नाही, आणि मग तीच राहिली नाही.

"ठमी रोज विचारते, आईनं विणायला घेतलेला फ्रॉक कधी पुरा होणार," बाई म्हणाल्या. "म्हटलं, मी करते, त्यात काय मोठंसं! हयात गेली माझी यात. आणि हे बघ काय झालंय ते."

खालचे दोन फेरे बाईंचे होते. दोरा तोच, सुई तीच, टाकाही तोच. पण फ्रॉक तिथे नाडी आवळावी तसा आत ओढला गेला होता. बाईंचा हात घट्ट. त्यांचे खांबाचे टाके कसे शिस्तीत, एकाला एक चिकटून उभे. लेकीचा हात सैल. त्यावरून मायलेकींची कायम जुंपायची. "टाके आहेत की कोळ्याचं जाळं?" असे बाईंनी म्हणायचे, आणि "तुझ्या टाक्यांना श्वास घ्यायला तरी जागा आहे का गं आई?" असे लेकीने. जगाच्या पोरींना बाईंनी वळण लावले. पोटच्या पोरीपुढे मात्र हात टेकले.

"दहा नंबर घेऊन बघा," दोरेवाला म्हणाला. "हात घट्ट असला तरी दोरा जाड. मापाला येईल बरोबर."

बाईंनी तिथेच स्टुलावर बसून चार बोटांएवढा नमुना विणला. माप अगदी बरोबर आले. पण हाताला लागला तो पुठ्ठा! वर लेकीचे झुळझुळीत काम, आणि खाली हे?

"मग चाळीस?"

"अरे, शुद्धीवर आहेस ना? बारीक दोरा माझ्या हातात आणखी आवळेल."

दोरेवाल्याने चाळीसचा गुंडा परत खणात टाकला. मग चाचरत म्हणाला, "बाई, राग मानू नका. पण वरचं उसवून टाका. तोच दोरा घ्या आणि सगळा एकहाती विणा. आठवड्यात असा देखणा फ्रॉक होईल! पोरीला काय, फ्रॉक मिळाल्याशी मतलब."

बाईंनी फ्रॉकची हळूच घडी घातली.

"तिच्या हातचं एवढंच राहिलंय रे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तेही मीच उसवू?"

दोरेवाल्याला मान वर करवेना. त्याने खणातून थोडी जाड सुई काढून त्यांच्या पिशवीत टाकली आणि पैसे काही घेतले नाहीत.

रात्री जाड सुईने नमुना विणून पाहिला, पण बाईंचा हात आवळायचा तो आवळलाच. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई खिडकीपाशी बसून आपले दोन फेरे उसवू लागल्या. दोरा भराभर सुटत गेला. आता थांबायचे, असे मनात आले तोवर एक ओढ जास्त बसली. हातात आलेल्या दोऱ्याची वळी मोठी होती, सैल होती. हा टाका त्यांचा नव्हता. लेकीचा एक खांब त्यांनी आपल्या हाताने मोडला होता.

लेक गेली त्या दिवशी बाई घर सावरत होत्या, जावयाला सावरत होत्या. त्या दिवशी जे रडायचे राहिले, ते एवढ्याशा दोऱ्यापायी आता आले. दमडीएवढा टाका, पण बाईंना आवरेना.

ठमी धावत आली. "आजी, सुई लागली?"

"हो गं बाळा."

"कुठे? फुंकर घालू?"

बाईंनी बोट पुढे केले. ठमीने गाल फुगवून फुंकर घातली आणि त्यांना चिकटून बसली. बाईंनी डोळे पुसून पुन्हा सुई धरली, तशी ठमी म्हणाली, "आई अशी नव्हती धरत. तू करंगळीला दोरा गुंडाळतेस. ती नुसता बोटांवरून सोडायची. हा असा."

बाईंनी करंगळीचा वेढा काढला. दोरा बोटांवरून सुळकन घसरला आणि त्यांना ओशाळल्यासारखे झाले. वर्गातल्या एखादीने असे केले असते, तर तिची काही खैर नव्हती! पण त्या हट्टाने तसेच विणत राहिल्या. सुरुवातीला एक टाका सैल, तर पुढचे तीन घट्ट. मागे जाऊन उसवायची आता छाती नव्हती, म्हणून आधी वेगळ्या दोऱ्यावर सराव करायचा आणि मगच फ्रॉकला हात लावायचा. दुपारमागून दुपार गेली. म्हातारपणी बाई लेकीसारखे विणायला शिकल्या, आणि फ्रॉकचा घेर मोकळा होऊन खाली सुटू लागला.

एका संध्याकाळी जावयाने तो हातात घेतला. "आई, हे तुम्ही केलंय? मला वाटलं, तिनंच..." त्याने फ्रॉक अलगद परत ठेवला. बाई मनातून सुखावल्या.

लेकीच्याच गुंड्यात फ्रॉक पुरा झाला. सकाळी शेवटचा फेरा घालून बाईंनी तो ठमीला चढवला. ठमीने गिरकी घेतली. घेर छान फुलला. बाई कौतुकाने पाहत होत्या, आणि पाहता पाहता लेकीचे काम कुठवर आहे ते शोधू लागल्या.

खूण त्यांनी केलीच नव्हती. कशाला करायची? दोघींचे हात आंधळ्यालासुद्धा वेगळे कळले असते! त्यांनी ठमीला खिडकीशी ओढले, चष्मा सारखा केला, कमरेपासून एकेक फेरा बोटाने चाचपला. काठ उलटून आतून पाहिले. गुंडा एकच, त्यामुळे गाठही नाही. सगळे टाके सारखे, सगळे सैल.

"आजी, गुदगुल्या होतात!"

"थांब जरा. हलू नकोस."

"काय शोधतेस?"

"तुझ्या आईचा शेवटचा टाका," बाई कशाबशा म्हणाल्या. "कुठे गेला गं तो?"

ठमीने मान वाकवून फ्रॉकवरून नजर फिरवली. मग खाली, अगदी काठावर बोट ठेवले. "हा काय!"

तो काठ बाईंनी आज सकाळीच विणला होता.

"हो गं," बाई म्हणाल्या. "हाच तो." आणि ठमीला त्यांनी अंगणात खेळायला सोडले.