घरपट्टी कोणी भरली?

तारापूरच्या कारखान्यांमुळे बोईसरला माणसांची रीघ लागली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. सरावलीत दोन सख्ख्या भावांची घरं शेजारी शेजारी होती. थोरली जाऊ मंदा, धाकटी सुलू. दोघींच्या चार-चार खोल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या. भाडं सारखं, नवऱ्यांचे पगारही सारखे. तरी शहाऐंशी साली सुलूच्या नवऱ्याला, प्रतापला, प्राप्तिकर सव्वाशे रुपयांनी कमी बसला, आणि सुलूने प्रेशर कुकर आणला! त्याची शिट्टी वाजली की इकडे मंदाचा जीव जळे.

"चोरीचा कुकर हाय तो! आमीच तेवढे बावळट," ती नवऱ्याला म्हणाली.

अखेर प्रताप कर चुकवतो, असा तिने निनावी अर्ज लिहिला आणि प्राप्तिकर कचेरीचा पत्ता विचारायला रामनाथ गुरुजींकडे गेली. गावाचे फॉर्म तेच भरून देत. गुरुजींनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"मंदा, तुझी घरपट्टी कोण भरतं?"

"भाडेकरू! चौघांत वाटून देते मी. ऱ्हातात ते, मग आमी कशाला भरू?"

"तिथेच चुकलीस. मालकाने स्वतः भरलेली घरपट्टी भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते. कायदाच आहे तसा. प्रताप दरवर्षी ग्रामपंचायतीत पदरचे पैसे भरतो, मग वजावट घेतो. यात चोरी कसली? तुम्ही दुसऱ्याच्या खिशातून भरलीत, तुम्हाला सूट कशी मिळावी?"

"मग सुलूनं मला सांगितलं का नाय?"

बोलता बोलताच मंदाची जीभ अडखळली. सांगितलं होतं की! मागच्या शिमग्याला सुलू म्हणाली होती, "वहिनी, पट्टी आपणच भरूया, फायद्याचं हाय." त्यावर हीच फणकारली होती, "कालची आलेली तू, मला शिकवतेस?"

अरेरे! कुणाच्या अन्नात माती कालवायला निघालो होतो आपण! मंदाने तिथेच अर्जाचे तुकडे केले.

त्याच संध्याकाळी तिने भाडेकरूंचे पट्टीचे पैसे परत केले. "भाभीजी, गलती से तो नहीं दे रहीं?" उत्तरेकडून आलेला भाडेकरू चंद्रभान घाबरून म्हणाला.

"गलती पहले थी," मंदा म्हणाली. मग सुलूच्या दारात जाऊन तिने सारं कबूल केलं.

 सुलू म्हणाली, "अर्ज लिवण्यापरीस मलाच इचारलं असतं तर, वहिनी? घर का लांब हाय माझं?"

मंदाला मान वर करवेना. सुलूनेच तिला हात धरून आत नेलं.

बंधुभगिनींनो, कायद्याने दिलेली सवलत जरूर घ्या, पण आधी आपला कर आपल्या हाताने भरा. आणि दुसऱ्याच्या सुखाने पोट दुखलं, तर अर्ज लिहू नका. त्याच्याकडे जाऊन विचारा.