एकाच वाढीचा भात

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही जेवायला बसला आहात. समोर वाफाळता भात आहे आणि घरातलं कोणीच कोणाकडे बघत नाही. आता तुमच्या जागी कियोला बसवा. ती आठ वर्षांची.

जपानमधल्या कानाझावातलं हे घर. भाताचं लाकडी भांडं आणि भातवाढी कायम आजीच्या हाताशी. कियोच्या आईला सून होऊन दहा वर्षं झाली, पण भातवाढीला हात लावायची तिची प्राज्ञा नव्हती. आजी ज्या दिवशी ती सुनेच्या हातात देईल, त्या दिवशी घर सुनेचं. आणि आजीला घर इतक्यात कोणाला द्यायचं नव्हतं.

भांडण मात्र लेकीशी पेटलं होतं. मिसाओआत्या टेलिफोनच्या ऑफिसात कामाला होती. आजीने तिच्यासाठी सोयासॉसच्या कारखानदाराचा मुलगा पाहिला आणि मध्यस्थ बाईंना शब्द दिला. आत्याने काय करावं? मुलाचा फोटो स्वतःच नेऊन त्या बाईंना परत दिला आणि माझं लग्न मी ऑफिसातल्या ओदाशी ठरवलंय, असं तोंडावर सांगून आली. ओदाचं सगळं लढाईत जळालेलं; राहायला भाड्याची एक खोली. मध्यस्थ बाई घरी येऊन आजीला नको नको ते ऐकवून गेल्या.

त्या संध्याकाळी आजीने सगळ्यांना नेहमीसारखं दोनदा वाढलं. पाहुणा ‘थोडाच’ म्हणाला तरी तिथे थोडा थोडा करून दोनदाच वाढतात. मग तिने आत्याचा वाडगा घेतला, भातवाढी एकदाच खोल घातली, भाताचा डोंगर रचला आणि वाडगा पुढे सरकवला.

एकाच वाढीचा भात कियोने एकदाच पाहिला होता, गेल्या हिवाळ्यात, आजोबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी; असा भात तिथे मेलेल्यांनाच वाढतात.

“आई,” बाबा कसेबसे म्हणाले.

“तू जेव. तुला दोनदा वाढलंय ना?”

आत्याने भाताला हात लावला नाही. नुसतं सूप पिऊन ती उठली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आजीने बजावून ठेवलं होतं की रविवारी मध्यस्थ बाईंच्या पायाशी डोकं टेकवून माफी मागायची, नाहीतर या घराची वाट विसरायची.

सासरी निघालेल्या मुलीचा वाडगा तिथे दारात फोडतात, तिने माघारी येऊ नये म्हणून. शुक्रवारी आत्या त्यावरूनच बोलली. “सोयासॉसवाल्यांकडे पाठवतानाही माझा वाडगा फोडलाच असतास की. मग आत्ताच फोड.”

“तेव्हा फोडताना मला रडू आलं असतं,” आजी म्हणाली. “आता येणार नाही.”

यावर आई लोणच्याच्या फोडी पुन्हा पुन्हा सारख्या करत बसली. बाबांनी पेपर उघडला आणि बराच वेळ पानच उलटलं नाही.

शनिवारी कियोने स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. आत्या आईला सांगत होती की उद्या सकाळी जाऊन माफी मागते, ओदाला काय सांगायचं ते नंतर बघू. “रोज मेल्यासारखं बसवत नाही गं वहिनी,” ती म्हणाली. आई नुसती तांदूळ धूत राहिली.

जेवायला सगळे बसले. आत्याच्या पुढ्यात पुन्हा तो डोंगर आला. आत्याची मान आज वर नव्हती, आणि आजीला ते दिसलं होतं.

“आत्या मेलेली नाहीये,” कियो म्हणाली.

“जेवताना बोलू नये. वाडगा दे.”

कियोने वाडगा दिला. आजीने एकदा वाढलं आणि दुसऱ्यांदा भातवाढी भरून उचलली. तेवढ्यात कियोने वाडगा ओढून घेतला आणि वर तळहात आडवा धरला.

“पुरे,” ती म्हणाली.

आजीचा चेहरा पांढरा पडला. “वेडेपणा करू नकोस. हात काढ. अशुभ आहे ते.”

“मग आत्याला कसं चालतं?”

“हात काढ म्हणते ना मी.” आजीचा आवाज इतका बारीक कोणी ऐकला नव्हता. भातवाढीतला गरम भात तिच्या मांडीवर सांडला, तरी ती तशीच वर धरून होती.

कियोने हात काढला नाही. ती वाडगा घेऊन सरकत सरकत आत्याला अगदी खेटून बसली, हात जोडले आणि तो भात खायला लागली.